एकेचाळिसावी वही

वत्सलाबाईंनी तेविसावी वही मिटली आणि लाल पेनाचं टोपण दातांत धरून त्या स्टाफरूमच्या छताकडे बघत बसल्या. छताला एक पाल होती. हिलासुद्धा ह्या पोरींच्या हाती दिली असती तर एकवीस दिवसांत माशा सोडून पाढे म्हणायला लागली असती, असं त्यांच्या मनात आलं.

कारण त्या तेवीस वह्यांतली तेवीसच्या तेवीस पोरं एकवीस दिवसांत सुधारली होती.

पंचवटीतल्या त्या अध्यापिका विद्यालयात डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला प्रत्येक मुलीला एक 'व्यक्ती अभ्यास' करावा लागे. सराव पाठाच्या शाळेतलं एखादं अडलेलं, बुजलेलं, भांडकुदळ लेकरू निवडायचं, महिनाभर त्याच्याकडे नीट बघायचं आणि वहीत रकाने भरायचे. नाव, वय, घरची माहिती, समस्या, कारणे, उपाय, परिणाम. गुण पंचवीस. वत्सलाबाई अकरा वर्षं मानसशास्त्र शिकवत होत्या आणि अकरा वर्षं त्यांना ह्या वह्यांमधून एकच मूल भेटत होतं. त्याचं नाव कधी योगेश, कधी मयूर. पण ते कायम चौथीत, कायम शेवटच्या बाकावर, त्याचा बाप कायम दारुडा, आणि उपाय कायम एकच: 'त्यास प्रेमाने जवळ घेऊन समजावून सांगितले.' परिणाम: 'आता तो वर्गात पहिला येतो.' एका शाळेत, एका चौथीत, एकाच वर्षी तेवीस पोरं पहिली आली होती. एका वहीत तर योगेशची तिसऱ्या पानावर सविता झाली होती आणि पाचव्या पानावर परत योगेश.

"देवा रे देवा," बाई पालीला म्हणाल्या, "ह्या उद्या मास्तरणी होणार."

घंटा झाली. बाईंनी वह्यांचा गठ्ठा छातीशी धरला आणि त्या तरातरा वर्गाकडे निघाल्या. फेब्रुवारी नव्व्याण्णव. वार्षिक पाठांना तीन आठवडे राहिलेले, आणि वर्गात लिंबोणी रंगाच्या गणवेशाच्या साड्यांची रांग लागलेली, सूर्यफुलाच्या शेतासारखी. शेत बघून डोळे निवावेत तर ते नाही. बाईंचं डोकं आणखी तापलं.

"योगेशला कोणी कोणी बघितलंय? हात वर."

एकही हात वर झाला नाही.

"बरं. प्रेमाने जवळ घेऊन समजावलं म्हणजे काय केलं? काय शब्द बोललात?"

सायखेड्याची मोहिनी अर्धवट उठून म्हणाली, "'बाळा, अभ्यास कर' असं, मॅडम."

"आणि मग बाळाने केला?"

"हो मॅडम. वहीत तसंच हाय."

वर्गात खसखस पिकली. तेव्हा पहिल्या बाकावरची तेजस्विनी उभी राहिली. ही वर्गप्रतिनिधी. पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागायतदाराची लेक, अक्षर मोत्यासारखं, मानसशास्त्रात पहिल्या वर्षी सगळ्यांत वर. "मॅडम, मागच्या बॅचच्या ताया जाताना वही देऊन जातात. पद्धतच आहे इथली. आम्हीपण पुढच्यांना देणार."

इतक्या सरळ मनाने तिने हे सांगितलं की बाईंना तिचा कान धरावा की गालगुच्चा घ्यावा, कळेना.

"नैराश्याची लक्षणं सांग."

"भूक मंदावणे, झोप बिघडणे, एकलकोंडेपणा, स्वच्छतेकडे दुर्लक्ष, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न वाटणे, स्वतःला निरुपयोगी समजणे, मॅडम." एका दमात. बायका जात्यावर पीठ पाडतात तशी पोर व्याख्या पाडायची.

"बस. श्वास घे." बाईंनी गठ्ठा टेबलावर आपटला आणि बोट लावून मोजला. "चाळीस. तुम्ही एकेचाळीस. एक वही कुणाची राहिली?"

"पल्लवी भोयेची, मॅडम."

बाईंनी शेवटच्या बाकाकडे बघितलं. जागा रिकामी होती. पेठच्या डोंगरातली ती बारीक चणीची, सावळी मुलगी तिथं खिडकीशी बसायची. गेल्या वर्षी सराव पाठात तिने दुसरीच्या पोरांना पुठ्ठ्याचं घड्याळ करून वेळ शिकवली होती, आणि तास संपला तरी पोरं तिला सोडेनात. बाईंना ते आठवलं. तिला शेवटचं कधी बघितलं, ते मात्र आठवेना.

"आज आली नाही?"

"अठरा दिवस झाले, मॅडम. खोलीतच असते."

"अठरा?" बाईंनी हजेरीपट उघडला. सतरा नंबरसमोर ओळीने उपस्थितीचे 'उ', 'उ', 'उ'. "मग मी सतरा म्हटलं की 'हजर मॅडम' कोण म्हणतं?"

चाळीस माना खाली गेल्या. शेवटी तेजस्विनीच बोलली. "आम्ही पाळी लावलीय, मॅडम. रोज एकीने म्हणायचं. तिचे दिवस कमी पडले तर परीक्षेचा फॉर्म अडकेल ना. गरिबाची पोर आहे."

"पाळी लावलीत," बाई हळू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली गेला की मुली जास्त घाबरत. "अठरा दिवस पाळीने तिची हजेरी दिलीत. आणि तिच्यापाशी जाऊन बसायची पाळी कोणी लावली?"

"आजारी नाही ती, मॅडम. ताप नाही, खोकला नाही. नुसती भिंतीकडे बघत बसते."

"नाटक करती," मागून कोणीतरी पुटपुटलं. "वार्षिक पाठ चुकवायचा म्हणून."

"नाय वो मॅडम, तिला बाहेरचं झालंय. झुंबरबाई म्हणती, नदीवरनं भर दुपारी केस सोडून आली तवा धरलं."

"जेवते का?"

"ताट परत जातं."

"झोपते?"

"रात्री कधी उठलं तर जागीच दिसते."

"अंघोळ? केस?"

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

"अगं मग," बाईंचा आवाज चिरकला, "आत्ता हिने काय म्हणून दाखवलं? भूक, झोप, एकलकोंडेपणा, स्वच्छता! ही लक्षणं कुणाची?"

तेजस्विनीने क्षणभर विचार केला आणि खात्रीने सांगितलं, "प्रश्न चौथा, उपप्रश्न ब ची, मॅडम."

वत्सलाबाईंनी डोळे मिटले. अकरा वर्षं. अकरा वर्षं खडूची भुकटी खाल्ली ती ह्यासाठी.

"पण तुम्ही काळजी करू नका, मॅडम," तेजस्विनी धीर द्यायला म्हणाली. "मी तिच्या वडिलांना पत्र टाकलंय. आज येणारेत न्यायला. दुपारी दोनच्या पेठच्या गाडीने जातील."

"काय लिहिलंस पत्रात?"

"शुद्ध मराठीत लिहिलंय, मॅडम. वरती स्थळ, दिनांक, खाली 'आपली विश्वासू'."

बाईंनी घड्याळात बघितलं. पावणेबारा. तीन वर्षांपूर्वी सुरगाण्याकडची अशीच एक मुलगी 'हवापालटाला' म्हणून घरी गेली होती. दोन महिन्यांनी तिच्या लग्नाची पत्रिका आली, आणि मग काहीच आलं नाही; ना परीक्षेला ती, ना तिची खबर. वर्गात तिचा नंबर तसाच पुढे सरकला. बाईंनी त्या वेळी हळहळ केली होती, आणि पुढचा धडा घेतला होता. आज पेठची गाडी सुटली की सतरा नंबरही तसाच सरकणार.

"तू चल माझ्याबरोबर," त्या तेजस्विनीला म्हणाल्या. "बाकीच्यांनी वह्या घ्या. प्रत्येकीने खरं पोर शोधायचं. सुधारलं नाही तरी चालेल, पण जिवंत पाहिजे!"

वाटेत व्हरांड्यात प्राचार्य भेटले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा पुसला. "घरी पाठवून द्या, वत्सलाबाई. 'प्रकृतीच्या कारणाने' असा अर्ज घ्या. उद्या काही कमीजास्त झालं तर नाव संस्थेचं जातं."

"आणि पोर गेली तर?" बाई म्हणाल्या, आणि उत्तराला थांबल्या नाहीत.

कॉलेजच्या मागेच मुलींचं वसतिगृह. रेक्टरबाई बाळंतपणाच्या रजेवर, त्यामुळे सगळं राज्य स्वयंपाकवाल्या झुंबरबाईचं. ती परातीत भाकरी थापत होती, आणि हाताच्या तालावर तिची ओवी चालली होती:

*पायी रुतलेला काटा, दावी सासरी मायेरी,*
*जीवी रुतलेला काटा, दावू कोनाच्या गं दारी.*

"झुंबरबाई, गाणं राहू दे. पल्लवीचं काय?"

"आवो बाई, कवाधरनं सांगती मी ह्या पोरींना," झुंबरबाईने भाकरी तव्यावर टाकली. "संक्रातीपास्नं पोरीचं ताट जसंच्या तसं येतं. मी वळखलं. पहिल्या दिवशी वळखलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुमाला सांगून? तुमी पुस्तकातल्या बाई. मी माझं केलं की. मीठ-मोहऱ्या उतरल्या, दंडात काळा दोरा बांधला, मंगळवारी लिंबू. पन धरनारं बी चिवट हाय बगा."

म्हणजे ज्या बाईला दिसलं, तिने लिंबू उतरवलं. ज्यांनी लक्षणं पाठ केली, त्यांनी पत्र टाकलं. आणि जिने लक्षणं शिकवली ती... वत्सलाबाईंनी हा विचार पुढे जाऊ दिला नाही. जिना चढल्या.

पल्लवी खाटेवर बसलेली होती. लिंबोणी साडी अंगावर होती, पण निऱ्या सुटलेल्या. रोज सकाळी तयार व्हायला बसायची आणि निम्म्यात थांबायची, असं तेजस्विनीने दारातच कानात सांगितलं. खिडकीत ते पुठ्ठ्याचं घड्याळ टेकवलेलं. काटे कुठेतरी सव्वासातावर.

"पल्लवी."

तिने मान वर केली. विहिरीच्या तळातून बघावं तसं बघितलं. मग ओठ हलले. "मॅडम, मी परत लिहिते. मला थोडी मुदत द्या."

"काय परत लिहितेस, बाळा?"

पल्लवीने उशीखालून वही काढली आणि दोन्ही हातांनी पुढे केली, शिक्षा घ्यायला हात करावा तशी.

बाईंनी उघडली. पहिल्याच पानावर त्यांचंच लाल अक्षर होतं. डिसेंबरातली तारीख, खाली त्यांची ऐटबाज सही. 'वयोगट ६ ते ११ हवा. विद्यार्थिनीचे वय चुकले आहे. उपाय व परिणाम हे रकाने रिकामे. अपूर्ण. पुन्हा लिहा.'

आणि शेऱ्याच्या खाली, निळ्या शाईत, पल्लवीच्या बारीक, तिरप्या अक्षरात:

'विद्यार्थिनीचे नाव: क. वय: १९.'

बाई उभ्याच्या उभ्या वाचत गेल्या. डिसेंबरात त्यांनी ही वही वाचली नव्हती. तपासली होती. एका दुपारी एकेचाळीस वह्या, एक डोळा घड्याळाकडे. सात रकाने दिसले, दोन रिकामे दिसले, वय एकोणीस दिसलं, लाल पेन चाललं. चाळीस खोट्या वह्यांना पंचवीसपैकी वीस-वीस, बावीस-बावीस गुण, आणि खरी वही तेवढी परत. वार्षिक पाठांआधी आज पुन्हा तपासायला बसल्या तर तेविसाव्या वहीलाच चिडून उठल्या, आणि ही तर गठ्ठ्यात नव्हतीच.

"मॅडम, चूक आहे का वहीत?" तेजस्विनीने वाकून विचारलं.

"आहे," बाई म्हणाल्या. "लाल शाईत आहे."

त्यांनी ते पान तेजस्विनीपुढे धरलं. ती वाचायला लागली. पहिल्या चार ओळी तिने नेहमीच्या वेगाने वाचल्या. मग ओठ मंदावले. मग थांबले.

खालून झुंबरबाईची हाक आली. "बाई, पोरीचा बाप आलाय!"

मंगळू भोये वसतिगृहाच्या ओट्यावर उकिडवा बसला होता. डोक्याला टापर, अंगात धुतलेला पण इस्त्री न बघितलेला सदरा, पुढ्यात गाठोडं. खिशातून पोस्टकार्ड काढून त्याने बाईंपुढे धरलं. "आमच्या गुर्जींनी वाचलं. तरी तुमी बी वाचा एकदा. गुर्जी म्हनले, पोरीला बाहेरचं झालं."

बाईंनी कार्ड वाचलं. 'स. न. वि. वि. आपल्या पाल्यास बाह्यबाधा झाली असून तिच्या अभ्यासक्रमात अडथळा येत आहे. तरी आपण तिला त्वरित घेऊन जावे, ही नम्र विनंती.' तेजस्विनी त्यांच्या मागे उभी होती. तिचा चेहरा आता तिच्या साडीच्या रंगाचा झाला होता.

"मंगळूदादा, पोरीला नेऊ नका. डॉक्टरांना दाखवू. मनाचे डॉक्टर असतात."

"व्हय बाई."

मग वत्सलाबाईंनी समजावलं. मन काय, मेंदू काय, मेंदूतली रसायनं कशी कमीजास्त होतात, हा आजार कसा ताप-खोकल्यासारखाच असतो, त्याला भूत लागत नाही, औषध लागतं. अकरा वर्षांचं सगळं शिकवणं त्यांनी त्या ओट्यावर ओतलं. मंगळू प्रत्येक वाक्याला 'व्हय बाई' म्हणत होता, आणि प्रत्येक 'व्हय'बरोबर गाठोड्याला एक गाठ मारत होता. वरून पल्लवीची ट्रंक आणायला त्याने झुंबरबाईला खुणावलंसुद्धा.

"आमच्याकडं भगत हाय, बाई. त्याच्या हातानं लय मानसं उठली. तुमी सांगता ते बी खरं असंल. पन दोनची गाडी हाय."

साडेबारा वाजून गेले होते. बाईंना ओरडावंसं वाटलं. ह्या माणसाच्या डोक्यात काही शिरतच कसं नाही! आणि मग त्यांना एकदम ते वाक्य आठवलं, तेवीस वेळा वाचलेलं. त्यास प्रेमाने जवळ घेऊन समजावून सांगितले.

त्या गप्प झाल्या. ओट्यावर त्याच्यासमोर मांडी घालून बसल्या. पल्लवी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर येऊन उभी होती, एक हात भिंतीला.

"पल्लवी, तुझी वही वाचू? तुझ्या वडिलांपुढे?"

पल्लवीने बाईंच्या हातातल्या वहीकडे बघितलं. मग तिने मान हलवली. हो.

"दादा, एका पोरीची वही आहे," बाई म्हणाल्या. "नाव लिहिलेलं नाही. ऐका, आणि मग तुम्हीच सांगा काय करायचं."

"'समस्या,'" त्यांनी वाचायला घेतलं. "'सकाळी जाग येते पण उठवत नाही. अंगावर ओल्या भाताची पोती टाकल्यासारखी वाटतात. जेवण मातीसारखे लागते. फळ्याकडे तोंड करून लिहिते तेव्हा बरे वाटते, पोरांकडे वळले की भीती वाटते की आता कळेल. काय कळेल ते माहीत नाही. मैत्रिणी हसतात तेव्हा तीही हसते, पण हसणे उशिरा येते. शाळेतून येताना नदीच्या पुलावर पाय थांबतात, म्हणून आता लांबच्या रस्त्याने येते.'"

मंगळूचा हात गाठीवर थांबला.

"'कारणे,'" बाईंनी पान उलटलं. "'सापडली नाहीत. घरी भांडण नाही. बाप दारू पीत नाही. बापाने कधी हात लावला नाही. बाप दर महिन्याला पायी नाक्यापर्यंत येतो, मग गाडीने येतो, आणि नागलीचे पापड आणतो. पूर्वी ते वसतिगृहात पोचेपर्यंत निम्मे संपायचे. आता चावले की कागद चावल्यासारखे होते. त्याला हे कळू नये म्हणून ती त्याच्यादेखत दोन खाते.'"

 गाठोड्याच्या वरच्या घडीतून पापडांची कड दिसत होती. मंगळूने ती आत ढकलली, मग बाहेर काढली, मग हात गुडघ्यांवर ठेवून दिले.

"म्होरं?" तो म्हणाला. 

"पुढे 'उपाय' असं लिहिलंय."

"काय उपाय केला?"

"काही नाही. रिकामं आहे."

"रिकामं? कवाची वही ही?"

"डिसेंबरातली. नाताळाच्या आधीची."

"तवापास्नं कोनीच बघितलं नाय? लिवून दिलं तरी?"

"मी बघितलं," वत्सलाबाई म्हणाल्या. "मी बघितलं, आणि वय चुकलं म्हणून परत दिलं."

मंगळू त्यांच्याकडे टक लावून बघत राहिला. बाईंना वाटलं, आता हा माणूस बोलेल, आणि बोलावंच त्याने. पण तो उठला, जिन्यापाशी गेला आणि पोरीच्या पुढ्यात उभा राहिला. तिच्या दंडावरचा झुंबरबाईचा काळा दोरा त्याने बोटाने नीट केला. "माझ्यादेखत दोन खाती व्हय गं," तो म्हणाला. "मला काय पापडाचं हाय?"

पल्लवीच्या डोळ्यांतून पाणी आलं. ती रडत होती असं नाही. नुसतं पाणी येत होतं. डोंगरात पावसाळा सरला तरी कातळातून झिरपत राहतं, तसं.

"चला, कुठं हाय तुमचा डाक्टर," मंगळू मागे वळून म्हणाला. "पन एक सांगतो, बाई. मी भगताला बी इचारनार."

बाईंच्या डोक्यात परत तिडीक उठली. त्यांनी ती गिळली. "विचारा. पण गोळ्या दिल्या तर त्या बंद करायच्या नाहीत. भगताने सांगितलं तरी. आणि पोर इथंच राहील. कबूल?"

"कबूल. भगत काय गोळ्यांना नाय म्हननार नाय. तो सोता बीपीची खातो."

झुंबरबाई तोंडाला पदर लावून हसली. बाईंनासुद्धा हसू आलं, आणि त्याचाही राग आला.

पंचवटीतून शरणपूर रोडला जायला एकच रिक्षा मिळाली. मंगळू ड्रायव्हरच्या शेजारी अर्ध्या सीटवर टेकला. मागे बाई, मध्ये पल्लवी, कडेला तेजस्विनी. पूल आला तशी पल्लवीने डोळे मिटले. तेजस्विनीने तिचा हात धरला. पुस्तकात हे कुठे नव्हतं, तिने आपलं आपण केलं, आणि बाईंनी ते बघून मनातल्या मनात तिचे शंभर गुन्हे माफ केले.

पूल संपला. सिग्नलला रिक्षा थांबली. तेजस्विनी पुढे वाकून दबक्या आवाजात म्हणाली, "मॅडम, माझी वही मला परत लिहायचीय ना. तर मग व्यक्ती अभ्यासाला ही केस मी घेऊ का?"

बाईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की रिक्षावाल्यानेसुद्धा आरशात बघितलं. माफ केलेले शंभर गुन्हे त्यांनी एका झटक्यात परत घेतले. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात मधून बारीक आवाज आला.

"ती माझी आहे," पल्लवी म्हणाली. डोळे मिटलेलेच होते. "मी आधी लिहिलीय."

अठरा दिवसांत तिने कुणाला अडवायला उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. तेजस्विनी "सॉरी गं, सॉरी" करत सीटच्या कोपऱ्यात गेली, पण हात तिने सोडला नाही.

दवाखान्यात पंख्याखाली बाकं होती, भिंतीला कॅलेंडर. डॉक्टर पन्नाशीचे, थकल्या डोळ्यांचे. त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?" मंगळूने बाईंकडे बघितलं, बाईंनी पल्लवीकडे. पल्लवीने उत्तर द्यायच्या ऐवजी वही टेबलावर ठेवली.

डॉक्टरांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. घड्याळाकडे न बघता. मग म्हणाले, "इतकं नीट कोणी सांगत नाही मला. अर्धा तास खोदावं लागतं." मग त्यांचं बोट पहिल्या पानावर गेलं. "हा लाल शेरा कुणाचा?"

"माझा," वत्सलाबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं. पल्लवी एकटी आत राहिली. बाहेरच्या बाकावर मंगळू टापर हातात घेऊन बसला. दोनची गाडी निघून गेली. तेजस्विनीने पर्समधून पेन काढलं, बाईंकडून आपलं पोस्टकार्ड मागून घेतलं, त्याच्या पाठीवर काहीतरी खरडलं, खोडलं, परत खरडलं. बाईंनी विचारलं तेव्हा म्हणाली, "तिच्यापाशी बसायच्या पाळ्या लावतेय, मॅडम. सोमवारी मोहिनी. मंगळवारी मी."

"बसून काय करणार?"

"ते..." ती अडकली. पहिल्यांदाच तिच्याकडे व्याख्या नव्हती. "काही नाही. नुसतं बसायचं. समजावायचं नाही."

चाळीस मिनिटांनी दार उघडलं. रोजची एक गोळी, दर मंगळवारी यायचं, एकटीने पुलावरून जायचं नाही, परीक्षेचं मागाहून बघू. डॉक्टरांनी मंगळूला सगळं दोनदा सांगितलं, आणि मंगळूने दोन्ही वेळा 'व्हय' म्हटलं. पण ह्या वेळी त्याच्या हातात गाठ मारायला काही नव्हतं. त्याने बोटांवर मोजून विचारलं, "गोळी जेवायच्या आदी का मागनं?" बाईंना हायसं वाटलं. प्रश्न विचारला म्हणजे ऐकलं.

पल्लवीने बाकावर बसून वही मांडीवर घेतली. चिठ्ठी समोर धरली. 'उपाय' ह्या रकान्यात ती हळूहळू, एकेक अक्षर ठेवत लिहायला लागली. मध्येच दमली, थांबली, परत लिहिलं. गोळीचं नाव, मंगळवार, पूल नाही. मग पेनाचं टोपण लावून तिने वही बाईंकडे दिली.

तेजस्विनी खांद्यावरून डोकावली. तिची जात काही एका दिवसात बदलणारी नव्हती. "मॅडम," ती कुजबुजली, "परिणाम रिकामा राहिला."

वत्सलाबाईंनी पर्समधल्या लाल पेनाला सवयीने हात लावला. मग वही मिटली आणि जिची तिच्या हातात परत दिली.

"राहू दे," त्या खेकसल्या. "रिकामाच राहू दे. एकवीस दिवसांत भरलास तर बघ."